तथ्याचे पान : दोन तालुक्यांतील वाचकांच्या अभिप्रायसंग्रहाची प्रस्तावना

प्रस्तुत संग्रहात जुन्नर आणि आंबेगाव या शेजारी तालुक्यांतील वाचकांनी 'द दा विंची कोड' या कादंबरीविषयी वेळोवेळी लिहून दिलेले अभिप्राय एकत्र केले आहेत. डॅन ब्राऊन या अमेरिकन लेखकाची ही रहस्यकथा मार्च २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. अल्पावधीत तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या, चाळीसहून अधिक भाषांत तिची भाषांतरे झाली. आणि पुण्याच्या मेहता पब्लिशिंग हाऊसने ती मराठीत आणल्यानंतर आमच्या भागातील अनुदानित ग्रंथालयांच्या कपाटांत, बाबूराव अर्नाळकर, नारायण धारप आणि सुहास शिरवळकर यांच्या शेजारी, तिलाही जागा मिळाली. ज्या पुस्तकावरून रोम, लंडन, मुंबई आणि पणजी येथे निषेध, खटले आणि बंदीचे हुकूम निघाले, ते पुस्तक घोड, मीना आणि कुकडी या नद्यांच्या काठी राहणाऱ्या शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी, गृहिणींनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी कोणत्या दृष्टीने वाचले, ही जिज्ञासा या संग्रहाच्या मुळाशी आहे. ती पुरी करण्यास मोठ्या समीक्षकांचे लेख उपयोगी पडले नसते, कारण समीक्षक पुस्तकाविषयी लिहितो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे इतर समीक्षक असतात, आणि गावातल्या ग्रंथालयाच्या वहीत चार ओळी लिहिणाऱ्या वाचकापुढे फक्त ते पुस्तक आणि स्वतःचे आयुष्य असते.

कथानक बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे त्याची रूपरेषा तेवढी देतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तेथील एका वृद्ध अधिकाऱ्याचा खून होतो. मरताना त्याने मागे ठेवलेल्या सांकेतिक खुणांचा माग काढीत रॉबर्ट लँगडन हा अमेरिकन प्राध्यापक आणि त्या मृताची नात सोफी हे दोघे एका रात्रीत आणि पुढच्या दिवसात फ्रान्स आणि इंग्लंड पालथे घालतात. आणि त्यांच्या शोधाच्या शेवटी जे गुपित उभे राहते ते असे, की येशू ख्रिस्ताचा मरिया मग्दालिया हिच्याशी विवाह झाला होता, त्यांचा वंश युरोपात गुप्तपणे चालत आला, आणि चर्चने शतकानुशतके ही वस्तुस्थिती दडपून ठेवली. प्रकरणे आखूड आहेत आणि प्रत्येक प्रकरण ऐन मोक्यावर तुटते, त्यामुळे वाचकाचे पान उलटण्यावाचून चालत नाही. हे कसब मोठे आहे. या संग्रहातील अनेकांनी पुस्तक रात्रीत संपविल्याचे लिहिले आहे, आणि त्यांपैकी काहींनी ते पुन्हा हाती धरावेसे वाटले नाही असेही तितक्याच सरळपणे नोंदविले आहे. रहस्यकथेविषयी यापेक्षा अधिक प्रामाणिक अभिप्राय असू शकत नाही, म्हणून त्या बाजूचा विस्तार मी येथे करीत नाही.

वादाचे मूळ, माझ्या मते, कथेच्या आधी छापलेल्या एका पानात आहे. त्या पानावर लेखक 'तथ्य' असा मथळा देऊन सांगतो की प्रायरी ऑफ सायन ही १०९९ साली स्थापन झालेली गुप्त संघटना खरोखर अस्तित्वात आहे, तिच्या सभासदांची नावे सांगणारी कागदपत्रे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९७५ मध्ये सापडली, ओपुस देई ही कॅथलिक संस्था प्रत्यक्षात आहे, आणि कादंबरीतील कलाकृती, वास्तू, दस्तऐवज व गुप्त विधी यांची वर्णने यथातथ्य आहेत. हे पान वगळले असते तर पुस्तकाच्या रंजकतेत तिळभरही उणेपणा आला नसता. परंतु ते घातल्याबरोबर कादंबरीकार कथेकऱ्याच्या बैठकीवरून उठला आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. आणि साक्षीदार म्हणून जो उभा राहतो त्याची उलटतपासणी होणे हे न्यायाचेच आहे.

ती उलटतपासणी त्याला मानवत नाही. ओपुस देई ही संस्था खरी आहे, १९२८ मध्ये स्पेनमध्ये तिची स्थापना झाली, आणि ती ज्यांना रुचत नाही असे कॅथलिकही आहेत. तेवढा भाग निर्विवाद होय. पण प्रायरी ऑफ सायन ही संस्था पिएर प्लांतार नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने स्वित्झर्लंडच्या सरहद्दीजवळ १९५६ मध्ये नोंदविली, आणि तिला मध्ययुगीन वंशावळ मिळावी म्हणून रचलेली कागदपत्रे १९६० च्या दशकात पॅरिसच्या ग्रंथालयात त्याने आणि त्याच्या साथीदारांनी स्वतःच नेऊन ठेविली होती. म्हणजे जे दप्तर 'सापडले' असे सांगितले जाते ते आधी ठेवलेले होते. निकाया येथील ३२५ सालच्या धर्मपरिषदेविषयी कादंबरीतले एक पात्र सांगते की येशूचे देवत्व तेथे मतदानाने, तेही जेमतेम बहुमताने, ठरले. इतिहास असे सांगतो की तेथील प्रश्न पुत्र आणि पिता यांच्या एकतत्त्वाचा होता, आणि परंपरेने सांगितलेल्या सुमारे तीनशे धर्माध्यक्षांपैकी दोघांनीच अखेरपर्यंत सही करण्याचे नाकारले. पॅरिसच्या सें-सुल्पिस चर्चमधील पितळी रेघ ही एखाद्या प्राचीन मूर्तिपूजक देवळाची खूण असल्याचा कथेत उल्लेख आहे. वस्तुतः ती अठराव्या शतकात संपात आणि ईस्टरचा दिवस ठरविण्यासाठी बसविलेल्या खगोलीय साधनाचा भाग आहे, आणि कादंबरी वाचून येणाऱ्या प्रवाशांची रीघ लागल्यावर चर्चच्या चालकांना तसा खुलासा तेथे लावावा लागला. खोडदच्या परिसरातील एका वाचकाने, जेथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणींच्या छायेत कांद्याची लागवड चालते, या रेघेविषयी मोठ्या आस्थेने लिहिले आहे. चर्चच्या फरशीवर सूर्याचा कवडसा मोजणारे यंत्र होते ही खरी हकिकत कादंबरीतल्या हकिकतीपेक्षा त्याला अधिक नवलाची वाटली, आणि हे लिहिताना त्याने कादंबरीवर राग धरलेला नाही.

हे सारे वाचताना मला वारंवार असे जाणवले की या वाचकांची दृष्टी त्यांच्या मुलुखाने घडविलेली आहे. जुन्नर हा दाखल्यांचा मुलूख आहे. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या काळचा यज्ञांचा आणि दानांचा लेख दोन हजार वर्षे वाऱ्यापावसाला तोंड देत उभा आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत शेकडो लेणी आहेत, आणि त्यांतल्या शिलालेखांत कोणी टाके दिले, कोणी भोजनमंडप दिला, हे दात्यांच्या नावानिशी नोंदविलेले असून त्या दात्यांत स्वतःस यवन म्हणविणारेही आहेत. निजामशाहीची पहिली गादी येथे होती. जुन्नरी कागद दख्खनच्या दप्तरांत चाले. आणि वतनाचा कज्जा उभा राहिला की गोताची बैठक बसून महजर होई, ज्यात कोण काय म्हणाला हे त्याच्या नावानिशी नमूद केले जाई. त्याच मुलुखात श्रद्धेचीही ठाणी आहेत. लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात गिरिजात्मज गणपती विराजमान आहे, आणि ज्या भाविकाला ते लेणे मूळचे कोणाचे हे माहीत आहे त्याची भक्ती त्यामुळे उणावत नाही. ओतूरला चैतन्यस्वामींची समाधी आहे, ज्यांच्या परंपरेशी तुकोबांच्या गुरूपदेशाचा संबंध जोडला जातो. आळ्याला, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले असे सांगतात त्या रेड्याची समाधी आहे, आणि तेथे माथा टेकणारा माणूस कोणाही पुढे पुराव्याचा कागद धरीत नाही, कारण तो मागितलेलाच नसतो.

आळ्याच्या आसपासच्या एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या अभिप्रायात नेमके यावर बोट ठेवले आहे. आपल्याकडे समाधीपुढे कथा सांगतात आणि कचेरीत दाखला मागतात. या दोन जागा वेगळ्या आहेत हे निरक्षर माणसालाही ठाऊक असते. या अमेरिकन लेखकाने समाधीपुढची कथा कचेरीत नेली, आणि तेथे दाखला म्हणून बनावट कागद जोडला, असे त्यांचे म्हणणे. मी ते त्यांच्या शब्दांत येथे उतरवीत नाही, कारण ते मूळ अभिप्रायात वाचण्यासारखे आहे. परंतु या संग्रहाला प्रस्तावना लिहिण्याचे मी जे मान्य केले ते मुख्यतः ती चार पाने वाचल्यामुळे, हे सांगितले पाहिजे. ग्रंथालयाची जी प्रत त्यांनी वाचली ती मी पाहिली आहे. मागच्या पुठ्ठ्याच्या आतली तारखांची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी चिकटवली आहे. कोपरे मऊ पडले आहेत. आणि तथ्याच्या त्या पानावर निरनिराळ्या हातांच्या पेन्सिलींनी केलेल्या खुणा आहेत. कोणी प्रत्येक विधानापुढे फुली मारली आहे, कोणी 'खरे का?' असे लिहिले आहे, आणि त्याखाली दुसऱ्या कोणी, अक्षर बायकी वळणाचे, 'शोधा' एवढाच शेरा दिला आहे. पुस्तकाच्या इतर पानांवर क्वचितच खुणा आहेत.

मोडी कागद वाचणाऱ्या एका वाचकाचा अभिप्राय या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. कादंबरीत येशू आणि मग्दालिया यांच्या विवाहाचा मोठा आधार म्हणून फिलिपच्या नावे असलेल्या एका प्राचीन ग्रंथातील उतारा येतो. हा ग्रंथ इजिप्तमधील नाग हम्मादी येथे १९४५ मध्ये सापडलेल्या कॉप्टिक भाषेतील हस्तलिखितांपैकी आहे. ज्या वाक्यात येशूने मग्दालियेचे चुंबन घेतल्याचा उल्लेख आहे तेथे नेमका पपायरस फाटलेला आहे, आणि चुंबन कोठे घेतले हे सांगणारा शब्द गळाला आहे. कादंबरीने तेथे आपल्याला हवा तो शब्द भरून दिला, आणि तो भरलेला आहे याची खूणही ठेवली नाही. आमचे हे वाचक लिहितात की घराण्याच्या रुमालातून निघालेल्या जुन्या कागदाला कसर लागलेली असते, कधी नेमके सालाचे किंवा बिघ्यांच्या आकड्याचे अक्षरच खाल्लेले असते, आणि मोह पुष्कळ होतो. पण वाचणाऱ्याने तेथे टिंबे द्यावयाची असतात, कारण त्या जागी एखादा आकडा घालणे म्हणजे एखाद्याचे शेत दुसऱ्याच्या नावावर करणे. कादंबरीकाराला ही शिस्त लागू नाही असे कोणी म्हणेल. मलाही ते मान्य झाले असते, जर पहिल्या पानावर दस्तऐवजांची वर्णने यथातथ्य असल्याची हमी दिलेली नसती.

आता स्त्री-वाचकांच्या अभिप्रायांकडे वळतो. या संग्रहाचे अंतःकरण माझ्या मते तेथे आहे. कादंबरीच्या बाजूने आजवर जे सर्वांत जोराचे समर्थन झाले ते असे की पुरुषांच्या हाती गेलेल्या धर्मसत्तेने मरिया मग्दालियेची विटंबना केली आणि या पुस्तकाने तिला तिचा मान परत दिला. यातील पूर्वार्धात तथ्य आहे. ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरी पहिले यांनी एका प्रवचनात मग्दालिया आणि शुभवर्तमानातील निनावी पापिणी या एकच असल्याचे सांगितले, आणि पुढची तेरा-चौदा शतके पश्चिमेकडील चित्रांत व प्रवचनांत ती पश्चात्तापदग्ध वेश्या म्हणून वावरली. १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने आपल्या पंचांगात ही सांगड मोडली, आणि २०१६ मध्ये २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला पोप फ्रान्सिस यांनी प्रेषितांच्या बरोबरीच्या सणाचा दर्जा दिला. अन्याय झाला होता आणि तो फार उशिरा दूर झाला, हे निःसंशय.

परंतु मंचरजवळच्या एका गृहिणीने, जिने शाळा दहावीला सोडली असे ती स्वतःच लिहिते, या समर्थनाची दुसरी बाजू असा काही नेमका प्रश्न विचारून उघडी केली आहे की तो वाचून मी पुष्कळ वेळ त्याचाच विचार करीत राहिलो. शुभवर्तमानांत मग्दालिया कोण आहे हे तिने शेजारच्या एका ख्रिस्ती बाईंकडून पुस्तक आणून वाचले. तेथे ती कोणाची बायको नाही, कोणाची आई नाही; ती स्वतःच्या द्रव्याने शिष्यमंडळीचा योगक्षेम चालविणाऱ्या स्त्रियांपैकी एक आहे, पुरुष शिष्य पळून गेले तेव्हा क्रुसापाशी थांबलेली आहे, आणि योहानाच्या वृत्तान्ताप्रमाणे उठलेला ख्रिस्त प्रथम तिला दिसतो आणि ती बातमी इतरांना सांगण्याचे काम तिच्यावर सोपवितो. कादंबरीने या स्त्रीला मोठे करण्यासाठी काय केले, तर तिला एका थोर पुरुषाची पत्नी केली आणि त्याच्या वंशाची जननी केली. आणि शेवटी तिची महती कशात राहिली, तर तिच्या अस्थींत आणि तिच्या पोटी आलेल्या रक्तात. आमच्याकडे बाईला मोठे करावयाची रीत अजून हीच आहे, असे ही वाचक लिहिते, आणि मग मुक्ताबाईचे उदाहरण देते. ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण एवढ्यावर आपण तिची बोळवण करतो, आणि वयोवृद्ध चांगदेवाने जिला गुरू केले ती तीच, हे सांगताना आपला आवाज खाली जातो. स्त्रीवादाचे जे ग्रंथ या कादंबरीच्या निमित्ताने परदेशांत लिहिले गेले त्यांतील काही मी वाचले आहेत. त्यांत हा मुद्दा इतक्या थोडक्यात आणि इतक्या स्वाभाविकपणे आलेला मला आढळला नाही.

याच्या अगदी उलट मत घोडेगावच्या बाजूच्या एका तरुण विद्यार्थिनीचे आहे आणि ते दडपण्याचे कारण नाही. तिचे म्हणणे असे, की पुस्तकातला इतिहास खोटा असेल तर असो, परंतु देवत्वाच्या कल्पनेत स्त्रीचा अंश असावा हा विचार आपल्या मनावर प्रथम या कथेने ठसविला, आणि जिच्या घरी नवरात्रात घट बसतात आणि एरवी महिन्यातले चार दिवस स्त्रीचा देवघराला स्पर्श होऊ नये म्हणून जपतात, तिला तो विचार परका वाटण्याचे कारण नाही. पुस्तकाचे काम कधी कधी त्याच्या लेखकाच्या हेतूपलीकडे होते, आणि या मुलीच्या बाबतीत ते झालेले दिसते.

ख्रिस्ती वाचकांचे अभिप्राय संख्येने थोडे आहेत, कारण या तालुक्यांत ती वस्तीच थोडी आहे. परंतु ज्यांच्या श्रद्धेला या पुस्तकाचा प्रत्यक्ष स्पर्श झाला ते हेच, म्हणून त्यांचा मान पहिला. त्यांच्यापैकी कोणीही पुस्तक जाळावे असे म्हटलेले नाही. एका वृद्ध गृहस्थांची खंत निराळी आहे. मराठीत ख्रिस्ताची ओळख करून देणारे वाङ्मय आजचे नाही: फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले, ओवीबद्ध आणि मराठी भाषेच्या प्रेमाने ओथंबलेले, पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचा निर्देश होतो ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यावाचून मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिता येत नाही, आणि पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम याच पुणे जिल्ह्यात, केडगावला, आयुष्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत केले. असे असता आज गावच्या ग्रंथालयात ख्रिस्ताविषयी मराठी वाचकाच्या हाती सर्वांत जास्त वेळा कोणते पुस्तक पडले, तर खुनाच्या तपासाची ही अनुवादित कथा. यात दोष त्या अमेरिकन लेखकाचा नाही. तो आपला आहे, आपण मराठी वाचकांचा आणि ग्रंथखरेदीच्या याद्या करणाऱ्यांचा, आणि त्या गृहस्थांनी तो फार सौजन्याने आपल्या पदरात घातला आहे.

बंदीच्या प्रश्नाकडे येण्यापूर्वी २००६ सालच्या हकिकतीची आठवण करून देणे जरूर आहे. त्या वर्षी एप्रिल महिन्यात लंडनच्या उच्च न्यायालयाने वाङ्मयचौर्याचा एक दावा फेटाळला. १९८२ च्या 'द होली ब्लड अँड द होली ग्रेल' या पुस्तकाच्या तिघा लेखकांपैकी दोघांनी आपल्या संशोधनाची मांडणी ब्राऊन यांनी उचलल्याची फिर्याद प्रकाशकावर केली होती. ज्याला ते स्वतः इतिहास म्हणत होते त्यातील घटना कादंबरीकाराने वापरू नयेत असे म्हणताना त्यांची केवढी अडचण झाली असेल, हे वाचकाने ताडावे. मे महिन्यात चित्रपट आला. मुंबईत काही ख्रिस्ती मंडळींनी निदर्शने केली. केंद्र सरकारने धर्मगुरू व प्रतिनिधी यांना तो आधी दाखविला. आणि प्रमाणन मंडळाने केवळ प्रौढांसाठी असे प्रमाणपत्र देऊन त्यात ही कथा पूर्णतः काल्पनिक असल्याचा खुलासा दाखविण्याची अट घातली. तरीही गोवा, पंजाब, नागालँड, तामिळनाडू आणि आंध्र प्रदेश या राज्यांनी बंदी घातली. आंध्र आणि मद्रास येथील उच्च न्यायालयांनी आपापल्या राज्यांची बंदी उठविली, आणि देशभर बंदी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

त्या खुलाशाकडे आपण पुरेसे लक्ष दिले नाही असे मला वाटते. पुस्तकाच्या आरंभी 'हे तथ्य आहे' असे पान होते, आणि आमच्या देशात चित्रपटाला 'हे काल्पनिक आहे' असे सांगावे लागले. म्हणजे सरकारी मंडळाने, कदाचित नकळत, वादाच्या नेमक्या जागी हात घातला. ज्या राज्यांनी त्यावरही बंदी घातली त्यांनी पुढे दिलेला न्याय नाकारून मागे असलेल्या रागाला होकार दिला. माझे स्वतःचे मत असे आहे की कादंबरीवर किंवा चित्रपटावर बंदी घालण्याचा अधिकार कोणत्याही सरकारने वापरू नये, आणि लेखकाने जेथे कल्पना आहे तेथे तथ्याचा शिक्का मारू नये. यातले पहिले कर्तव्य कायद्याचे आहे आणि दुसरे सदसद्विवेकाचे. दुसऱ्याचा भंग झाला म्हणून पहिल्याला सूट मिळत नाही.

हे लिहिणे मला सोपे जाते, कारण या प्रकरणी दुखावलेली श्रद्धा माझी नाही. ओतूरच्या आसपासचे जे तीन-चार अभिप्राय या संग्रहात आहेत त्यांनी ही सोय माझ्याकडून काढून घेतली. त्या वाचकांनी 'द दा विंची कोड' आवडीने वाचली, चर्चला प्रश्न विचारल्याबद्दल लेखकाची तारीफ केली, आणि त्याच वहीत पुढे २००८ च्या 'संतसूर्य तुकाराम' या आनंद यादव यांच्या कादंबरीविषयी संतापाने लिहिले. ते प्रकरण मराठी वाचकांच्या स्मरणात आहे: तुकोबांच्या तारुण्याविषयीच्या काही मजकुरावरून वारकरी समाजात क्षोभ उसळला, लेखकाने क्षमा मागितली, पुस्तक मागे घेण्यात आले, यादवांना साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सोडावे लागले, आणि २००९ मध्ये महाबळेश्वरचे संमेलन अध्यक्षाविना भरले. परक्याच्या देवाविषयी कल्पना लढविली ती साहसाची गोष्ट, आणि आपल्या संताविषयी लढविली तो अपराध, असे हे वाचक उघडपणे म्हणत नाहीत, पण दोन्ही अभिप्राय एकाखाली एक ठेवले म्हणजे तसा अर्थ होतो खरा. त्यांच्यापैकी एकाने मात्र स्वतःचे स्वतःला पकडले आहे. मुंबईत ज्या ख्रिस्ती माणसाने उपोषण केले त्याची बातमी वाचून आपण हसलो होतो, आणि देहूच्या बातम्या आल्या तेव्हा आपल्याला त्याच्या पोटात काय झाले असेल ते कळले, असे तो लिहितो. आणि मग लगेच, तरीही यादवांचे पुस्तक मागे घ्यायला नको होते, वाचून उत्तर द्यायला हवे होते, असेही म्हणतो. देहू आणि ओतूर यांच्याशी ज्याच्या घराण्याची वारी जोडलेली आहे अशा माणसाने हे लिहावयास किती बळ लागले असेल, हे या भागात राहणाऱ्यासच समजेल.

संपादनाविषयी थोडे सांगून थांबतो. अभिप्राय ज्या क्रमाने ग्रंथालयांच्या वह्यांत आले त्याच क्रमाने छापले आहेत. विषयवार विभागणी करावी अशी सूचना आली होती, ती मी स्वीकारली नाही, कारण पुढचा वाचक पुष्कळदा मागच्याचे वाचून त्याला उत्तर देतो आणि तो धागा तुटला असता. शुद्धलेखन तेवढे सुधारले आहे. बोलीतले शब्द आणि वाक्यांची ठेवण यांना हात लावलेला नाही. लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्याच इच्छेने वगळली असून गावाची दिशा तेवढी ठेवली आहे. बंदी असावी असे म्हणणारे दोन अभिप्राय संपूर्ण छापले आहेत, आणि त्यांतील एकात संपादकांवर जी टीका आहे ती देखील. ज्या ठिकाणी वाचकाने कादंबरीतील एखादे विधान इतिहास म्हणून गृहीत धरले आहे तेथे तळटीप द्यावी की नाही यावर आमच्यात बराच खल झाला. शेवटी टिपा न देता ते काम ज्या नंतरच्या वाचकांनी त्याच वहीत केले आहे त्यांच्याकडेच ठेवावे असे ठरले, आणि एकेचाळिसाव्या अभिप्रायापासून पुढे ते कसे होत गेले हे वाचकांना दिसेल.